वाचक विचारतात : हॉपकिन्सची ओळ मोजायची कशी?

प्रश्न : एम.ए.ला इंग्रजी कवी जेरार्ड मॅनली हॉपकिन्स अभ्यासाला आहे. त्याच्या ओळींत अक्षरांची (उच्चारातल्या सिलेबलची) संख्या सारखी बदलते. मग याला छंद कसं म्हणायचं?

उत्तर : छंदच आहे, पण मोजायचे ते आघात, म्हणजे उच्चारात अक्षरावर येणारा जोर. त्याच्या 'स्प्रंग ऱ्हिदम'मध्ये प्रत्येक गणाच्या (इंग्रजीतल्या 'फूट'च्या) पहिल्या अक्षरावर एक आघात असतो. त्यामागे बिनआघाताची अक्षरं एकही नाही इथपासून साधारण तीनपर्यंत चालतात. कान तयार करायला 'डिंग डाँग बेल, पुसीज इन द वेल' हे बालगीत पुरे; प्रत्येक आघाताला एक टाळी द्या. हे उदाहरण खुद्द हॉपकिन्सनेच एका पत्रात दिलं आहे. एका ओळीत अक्षरं 3, दुसरीत 5, टाळ्या मात्र दोन्हीकडे तीनच.

आता 'स्प्रिंग अँड फॉल' (1880) घ्या : 'मार्गरेट, आर यू ग्रीव्हिंग / ओव्हर गोल्डनग्रोव्ह अनलीव्हिंग?' अक्षरं 7 आणि 8, आघात चार-चार : मार्, रेट, आर, ग्रीव्, मग ओ, गोल्, ग्रोव्ह, लीव्. बोलताना 'रेट'वर कोणी जोर देत नाही, म्हणून कवीने तिथे स्वतः खूण केली. त्यामुळे 'रेट' आणि 'आर' हे दोन आघात थेट एकमेकांवर आदळतात, आणि मार्गरेटला थांबवून विचारल्यासारखं वाटतं. म्हणून या खुणा छापलेलीच आवृत्ती वापरा. गाइडमधला मजकूर या कामाचा नाही.

लघु-गुरूची सवय असलेल्यांची एक चूक ठरलेली : दीर्घ स्वर दिसला की वजन द्यायचं. वरच्या ओळीतला 'यू' दीर्घ आहे, आघात नाही. 'पुसी'तला 'पु' ऱ्हस्व, तरी आघात त्याच्यावरच.

प्रश्न : हॉपकिन्स 1889 मध्ये वारला, कवितासंग्रह 1918 मध्ये निघाला. मग प्रभाव पडला कोणावर?

उत्तर : समकालीनांवर जवळजवळ नाहीच. कविता जपल्या आणि छापल्या त्या त्याचा मित्र रॉबर्ट ब्रिजेस याने. 750 प्रती खपायला दहाएक वर्षं गेली. 1930 च्या दुसऱ्या आवृत्तीच्या सुमारास ऑडन, डिलन थॉमस या कवींची पिढी लिहू लागली होती, आणि हा व्हिक्टोरियन पाद्री त्यांना आपल्याच काळातला वाटला. पुढे आयरिश कवी शेमस हीनीच्या सुरुवातीच्या कवितांतल्या जड, खडबडीत व्यंजनांतही तो ऐकू येतो. थॉमसबाबत मात्र जपून लिहा. अनुप्रास आणि जोडशब्दांची गर्दी हॉपकिन्सची आठवण करून देते हे खरं, पण त्याच्या 'फर्न हिल' या कवितेची बांधणी चक्क अक्षरं मोजून केलेली आहे : पहिल्या दोन ओळी 14-14 अक्षरांच्या. तिथे 'स्प्रंग ऱ्हिदम' लिहिलंत तर गुण जातील.