सहा फुटी प्रौढ बोआ सापाला चार फुटांची काचेची टाकी पुरेल का?

नाही. सापाला पूर्ण लांब होता आलं पाहिजे, म्हणून किमान ६ × २ × २ फूट. जागा असेल तर आणखी मोठी घ्या. वर जाळी असलेल्या काचेच्या टाकीतून ऊब आणि ओल दोन्ही निघून जातात. त्यापेक्षा समोरून उघडणारी पीव्हीसीची पेटी उत्तम; वरून हात आला की साप बिचकतो. एक टोक ३१–३२ अंश सेल्सिअस, दुसरं २६च्या आसपास, दोन्हीकडे लपायला जागा. हीटरला थर्मोस्टॅट (तापमान ठरावीक ठेवणारं यंत्र) हवाच, नाहीतर साप भाजतो. कुलूपही लावा, बोआच्या अंगात फार ताकद असते. भारतात असाल तर परदेशी बोआची नोंदणी बंधनकारक आहे, आणि आपलं मांडूळ पाळणं हा गुन्हाच.