हाय-पॉवर जातीच्या पिस्तुलाची नवी मॅगझिन्स वापरात आणताना

तुम्ही विचारले आहे की कोतात (शस्त्रागारात) ९ एमएम १ए पिस्तुलांसाठी नवी मॅगझिन्स आली आहेत, पण शेवटचे दोन राउंड (काडतुसे) अंगठा दुखेपर्यंत दाबूनही नीट बसत नाहीत. त्यावर एक वरिष्ठ सांगतात की ती पूर्ण भरून पंधरा दिवस ठेवा, तर दुसरे बजावतात की भरून ठेवलीत तर स्प्रिंग मरेल. शिवाय अमेरिकेत असलेल्या तुमच्या मावसभावाने अशाच जुन्या पिस्तुलासाठी पंधरा राउंडांची मॅगझिन्स घेतली आहेत आणि त्यालाही हाच प्रश्न पडला आहे. माझी नोकरी आर्मररची, म्हणजे हत्यारे दुरुस्त करण्याची होती आणि तिचा बराच काळ इंदूर-महू भागातच गेला, त्यामुळे या पिस्तुलाशी माझा जुना परिचय आहे. ९ एमएम हे आपल्याकडे प्रतिबंधित बोअर (नळीचा व्यास) असल्याने सामान्य परवानाधारकाचा या पिस्तुलाशी संबंध येत नाही; तरी स्प्रिंग आणि स्वच्छता यांविषयी खाली जे लिहिले आहे ते .३२ च्या पिस्तुलालाही बहुतांशी लागू पडते.

ईशापूरच्या रायफल कारखान्यात बनणारे आपले १ए हे मुळात बेल्जियमच्या एफएन कंपनीचे १९३५ चे हाय-पॉवर होय. जॉन ब्राउनिंग १९२६ मध्ये वारले आणि पिस्तुलाला अंतिम रूप दिले ते द्यूदोने सेव्ह यांनी. दोन रांगांत राउंड ठेवून वर तोंडाशी त्यांची एक रांग करणारे मॅगझिनही सेव्ह यांचेच. तेरा राउंड मुठीत मावतात ते या रचनेमुळे, आणि नव्या मॅगझिनचा त्रासही नेमका तिथेच असतो. पत्र्याच्या भिंती वर जिथे आत वळतात तिथे डावी-उजवीकडचे राउंड एकमेकांना ढकलत मधे येतात, आणि त्या वेळी राउंड राउंडावर, राउंड भिंतीवर आणि फॉलोअर (राउंडांना खालून वर ढकलणारी, स्प्रिंगवर बसलेली पट्टी) दोन्ही बाजूंवर घासतो. पत्रा नवा असला की त्याच्या कडा खरखरीत असतात, वर कारखान्याचे जाडसर साठवणुकीचे तेल असते, आणि स्प्रिंग अजून एकदाही पूर्ण दाबली गेलेली नसते. शेवटचे दोन राउंड अडतात त्याला ही तिन्ही कारणे मिळून जबाबदार असतात. एकट्या स्प्रिंगला दोष देणे योग्य नाही.

आता दोन्ही वरिष्ठांच्या मतांविषयी. चांगल्या पोलादाची स्प्रिंग तिच्या मर्यादेत दाबून ठेवली तर ती थकत नाही. पहिल्या काही वेळा पूर्ण दाबली गेल्यावर ती थोडीशी आखूड होते आणि मग त्या लांबीवर स्थिर राहते. तिचे आयुष्य झिजते ते दाबणे आणि सुटणे यांच्या फेऱ्यांनी. म्हणून भरून ठेवल्याने स्प्रिंग मरते हे म्हणणे मला मान्य नाही, आणि केवळ भरून पंधरा दिवस कपाटात ठेवल्याने मॅगझिन तयार होते हेही मान्य नाही, कारण त्यातून स्प्रिंग तेवढी बसते, घासणारे पृष्ठभाग मात्र जसेच्या तसे राहतात. काही कोतांत दर आठवड्याला मॅगझिन्स रिकामी करून स्प्रिंगला विश्रांती देण्याचा रिवाज आहे. त्यात स्प्रिंगच्या फेऱ्याच वाढतात आणि तेच तेच राउंड पुन्हा पुन्हा हाताळले जाऊन खराब होतात, म्हणून हा रिवाज मला पूर्वीपासून चुकीचा वाटत आला आहे.

प्रत्यक्षात सुरुवात मॅगझिन खोलून करावी. बेसप्लेटच्या (मॅगझिनच्या तळाच्या झाकणाच्या) भोकातून दिसणारे बटण आत दाबून प्लेट सरकवताना अंगठा स्प्रिंगवर धरून ठेवा, नाहीतर ती थेट तोंडावर उडते. स्प्रिंगचे कोणते टोक वर आणि कोणत्या दिशेला होते याचे कागदावर रेखाटन करून ठेवा. कोतात मोबाइल नेता येत नाही, आणि उलट बसलेली स्प्रिंग फॉलोअरला तिरके करून पुढचे सारे निदान चुकवते. साठवणुकीचे तेल चिंदीने पूर्ण पुसून काढा आणि आतला भाग कोरडाच ठेवा. बाहेर गंज धरू नये म्हणून बोटाला लागेल इतकाच तेलाचा हात पुरेसा आहे. आत तेल सोडल्याने भरणे सोपे जाते असे काही जण सांगतात, पण ते तेल प्रायमरमध्ये (राउंडाच्या बुडाशी असलेल्या पेटणाऱ्या टिकलीत) झिरपून राउंड निकामी करू शकते, आणि मे महिन्यात माळव्याच्या काळ्या मातीची जी धूळ उडते ती त्याच तेलाला चिकटून आत लेप धरते.

जोडल्यानंतर एका बोथट लाकडी काडीने फॉलोअर तळापर्यंत दाबून सावकाश वर येऊ द्या. हे वीस-तीस वेळा करताना कान आणि बोटे दोन्हींचे लक्ष असू द्या. चांगला फॉलोअर एका लयीत वर येतो. अडणारा नेहमी एकाच उंचीवर क्षणभर थबकतो, आणि ती जागा बहुधा भिंती आत वळतात तीच असते. मग पुन्हा खोलून त्या उंचीवर पाहिले तर फॉलोअरच्या कडेवर चकचकीत रेघ उमटलेली दिसते. तिथे कडेला बारीक खरखर असेल तर अगदी मऊ पॉलिश कागदाने दोन-चार हात फिरवणे पुरे. कानस लावू नका.

त्यानंतर ड्रिल राउंड (सरावाची, दारू नसलेली काडतुसे) घ्या. खोलीत जिवंत दारूगोळा नसावा, हे सांगण्याची गरज नाही तरी सांगतो. भरताना नवा राउंड वरून ठोसू नका. आधीच्या राउंडाची मागची बाजू अंगठ्याने खाली दाबा आणि नवा राउंड पुढून लिप्सखाली (मॅगझिनच्या तोंडाच्या आत वळलेल्या कडांखाली) मागे सरकवा. दर चार-पाच राउंडांनी मॅगझिनची पाठ तळहातावर हलकेच आपटली की राउंड मागच्या भिंतीला टेकून बसतात. ९ एमएमच्या राउंडाचे धातूचे कवच तळाशी किंचित रुंद असल्याने ढीग आपोआप थोडा पुढे झुकतो, आणि ही आपटण्याची सवय नसली तर शेवटचा राउंड अडतोच. पूर्ण तेरा भरून एक-दोन दिवस ठेवा, रिकामे करा, पुन्हा भरा. दोन-तीन वेळा असे केल्यावर शेवटच्या राउंडांचा हट्ट बराच कमी झालेला आढळेल.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाची तपासणी यानंतरची आहे. पूर्ण भरलेल्या मॅगझिनचा वरचा राउंड अंगठ्याने दाबून पाहा. तो थोडा तरी खाली गेला पाहिजे. अजिबात हलला नाही तर खालच्या स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना टेकलेली आहेत, आणि असे मॅगझिन बंद स्लाइडखाली (पिस्तुलाच्या मागे-पुढे सरकणाऱ्या वरच्या भागाखाली) घातले की ते पकडीत बसत नाही किंवा बसल्यासारखे वाटून सुटते. ते घातल्यावर खाली ओढून पाहण्याची सवय म्हणूनच लावावी. असे मॅगझिन दुरुस्त होईपर्यंत त्यात बाराच राउंड भरावेत. संख्येच्या अभिमानापायी तेरावा ठोसण्यात काही फायदा नाही.

या पिस्तुलाची एक खासियत अनेकांना ठाऊक नसते. मॅगझिन नसताना घोडा पडू नये म्हणून ट्रिगरमध्ये एक छोटा खटका आहे, आणि तो मॅगझिनच्या पुढच्या भिंतीवर दाबून घासत असतो. नव्या मॅगझिनची ती भिंत खरखरीत असेल तर ट्रिगरच ओढताना किरकिरल्यासारखा लागतो आणि जवान तक्रार पिस्तुलाची करतो. ज्या पट्टीवर खटका घासतो तेवढी पट्टी पॉलिश केली की तक्रार थांबते. याच दाबामुळे या पिस्तुलातून मॅगझिन बटण दाबल्यावर स्वतःहून खाली पडत नाही, ते डाव्या हाताने ओढावे लागते. हा दोष समजून कोणी बटणाची स्प्रिंग बदलू नये. खटका काढून टाकण्याचा सल्लाही कोणी देईल, पण सरकारी हत्यारातली सुरक्षा यंत्रणा काढण्याचा अधिकार तुम्हाला नाही आणि तशी गरजही नाही.

चांदमारीला नेताना प्रत्येक मॅगझिनच्या बेसप्लेटवर क्रमांक घाला आणि वहीत त्याचे स्वतंत्र पान ठेवा. किमान तीन-चार वेळा पूर्ण भरून एकही स्टॉपेज (फायरिंगमधला अडथळा) न देता जे चालेल तेच ड्युटीवर जावे. स्टॉपेज आला तर तो कोणत्या प्रकारचा होता ते लिहा, कारण निदान त्यातच असते. राउंडाचे नाक खाली बुडाले तर फॉलोअर अडतो आहे किंवा स्प्रिंग कमजोर आहे. राउंड लिप्समधून वेळेआधी वर उडाला तर लिप्स फाकल्या आहेत. एखाद्या खात्रीच्या जुन्या मॅगझिनशेजारी धरून पाहिले की फरक डोळ्यांना कळतो. शेवटच्या राउंडानंतर स्लाइड मागे थांबली नाही तर फॉलोअर स्लाइड स्टॉपला (स्लाइड मागे अडकवून ठेवणाऱ्या कळीला) पुरेसा रेटा देत नाही, आणि हेच जुन्या मॅगझिनमध्ये आढळले तर स्प्रिंग बदलण्याची वेळ झाली आहे. स्प्रिंग हाताने ताणून लांब करणे आणि पक्कडीने लिप्स वाकवणे हे दोन्ही उपाय कोतांत सर्रास दिसतात. दोन्हींचा गुण एखाद्या फायरिंगपुरता टिकतो आणि नंतर तो दोष कधी डोके वर काढेल याचा भरवसा राहत नाही.

तुमच्या मावसभावाविषयी. इटलीच्या मेक-गार कंपनीची पंधरा राउंडांची मॅगझिन्स जुन्या हाय-पॉवरमध्ये मुठीच्या बाहेर न डोकावता बसतात. दोन राउंडांची ही जागा फॉलोअर आणि बेसप्लेट यांची उंची कमी करून व स्प्रिंगची घडी लहान करून काढलेली असते. त्यामुळे त्यात स्प्रिंग मर्यादेच्या अधिक जवळ काम करते, आणि वर सांगितलेली अंगठ्याची तपासणी त्याला आपल्यापेक्षा जास्त गरजेची आहे. सुरुवातीचे काही दिवस चौदाच भरून चालवावीत. त्याने हेही लक्षात ठेवावे की एफएनने २०२२ मध्ये हाय-पॉवर याच नावाने जे नवे पिस्तूल आणले त्याची सतरा राउंडांची मॅगझिन्स जुन्या पिस्तुलात बसत नाहीत. त्याचे पिस्तूल फार जुने असेल तर पोकळ नाकाच्या गोळ्या चेंबरकडे (नळीच्या मागच्या टोकाकडे) जाताना अडखळू शकतात, कारण जुन्या हाय-पॉवरचा फीड रॅम्प (राउंडाला चेंबरमध्ये नेणारा उतार) गोल नाकाच्या लष्करी गोळीसाठी घडवलेला होता. ती अडखळण मॅगझिनच्या माथी मारण्याआधी त्याने साध्या बॉल (गोल नाकाच्या) राउंडांनी तपासून पाहावे.

पावसाळ्यात, म्हणजे आपल्याकडे जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत, भरलेली मॅगझिन्सही महिन्यातून एकदा रिकामी करून, पुसून, आत गंजाचे ठिपके नाहीत ना ते पाहून पुन्हा भरा. ही तपासणी ओलीसाठी आहे, स्प्रिंगच्या विश्रांतीसाठी नव्हे. आणि जे मॅगझिन नवी स्प्रिंग घालूनही दुसऱ्यांदा अडले ते वहीतून कमी करा, त्याच्या बेसप्लेटला लाल रंग द्या आणि फक्त ड्रिल राउंडांच्या सरावासाठी वेगळ्या पेटीत ठेवा.