१९८५ ची बोर्दो (फ्रान्समधला प्रदेश) रेड वाइन पिण्याआधी किती वेळ डिकँटरमध्ये, म्हणजे वाइन ओतून ठेवायच्या काचेच्या सुरईत, ठेवावी?

मुद्दाम ठेवूच नका. प्यायला बसताना डिकँटरमध्ये ओतली की पुरे. बाटली मात्र आदल्या दिवशीच उभी करून ठेवा. इतक्या वर्षांत टॅनिन (वाइनला तुरटपणा देणारे घटक) आणि रंगद्रव्यं एकमेकांना चिकटून त्यांचा गाळ झालेला असतो. अपायकारक नाही, पण जिभेवर कडवट आणि भुकटीसारखा लागतो. बाटलीच्या मानेखाली टॉर्च धरून एका धारेत सावकाश ओता, गाळ दिसला की थांबा. तळाच्या दोन घोटांचा मोह नको! तासन्‌तास हवा देणं नव्या, तुरट बाटल्यांसाठी; जुनीचा सुगंध तेवढ्यात उडून जातो. तापमान १६ ते १८ अंश, म्हणजे मुंबईतल्या खोलीचं नव्हे. फ्रान्सच्याच बर्गंडी भागातली जुनी पिनो न्वार (त्याच नावाच्या द्राक्षाची रेड वाइन) असेल तर बरेच जण डिकँटर टाळून थेट ग्लासातच ओततात.