पंखा फिरतोय, पण कूलर काम करतोय का?

प्रश्न : डेस्कटॉपमधला पंखा व्यवस्थित फिरतो, आवाजही येतो. तरी व्हिडिओ एडिटिंग सुरू केलं की दहा-पंधरा मिनिटांत मशीन मंदावतं. प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर बिघडला आहे की नाही, हे खात्रीने कसं ओळखायचं?

उत्तर : पंखा फिरतो एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. प्रोसेसरची उष्णता आधी थर्मल पेस्टमधून (उष्णता वाहून नेणारा लेप) हीटसिंकच्या, म्हणजे कूलरच्या धातूच्या भागाच्या, तळात जाते, तिथून त्याच्या पातळ पट्ट्यांमध्ये पसरते आणि मग कुठे हवेचा उपयोग होतो. तळच नीट टेकला नसेल, तर पंखा थंड पट्ट्यांवर वारा घालत बसतो.

त्यामुळे मोजायला हवं. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचं तापमान दिसत नाही. त्यासाठी कोअर टेंप किंवा एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर घ्या. मशीन दहा मिनिटं काही न करता चालू ठेवा. ३० ते ५० अंश सेल्सिअस दिसलं तर काळजी नको. मग प्रोसेसरवर पूर्ण भार देणाऱ्या सिनेबेंच या सॉफ्टवेअरची सगळ्या कोअरची चाचणी दहा मिनिटं चालवा आणि तापमान, क्लॉक स्पीड (प्रोसेसरचा वेग), पंख्याचे मिनिटाला फेरे या तिन्हींवर नजर ठेवा.

कमाल आकड्यापेक्षा तो किती वेगाने चढला, हे जास्त बोलकं असतं. पहिल्या दोन-तीन सेकंदांतच तापमान थेट मर्यादेला भिडलं, तर तळ आणि प्रोसेसर यांच्या संपर्कात खोट असण्याची शक्यता मोठी. पाच-दहा मिनिटं हळूहळू चढत राहिलं, तर संपर्क ठीक आहे, पण गरम हवा बाहेर पडत नाही. तुमची लक्षणं दुसऱ्या प्रकारची वाटतात. कॅबिनेटची बाजूची झडप काढून तीच चाचणी पुन्हा करा. तापमान ५-१० अंशांनी उतरलं, तर दोष कूलरचा नाही, कॅबिनेटमधल्या हवेच्या वाटेचा आहे. फरक पडला नाही, तर पट्ट्यांमध्ये धुळीचा थर बसला आहे का ते पाहा. पंख्याच्या मागे, पट्ट्यांच्या तोंडाशी तो नमद्यासारखा जमतो आणि बाहेरून दिसत नाही. फुंकणी मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. भरधाव फिरलं तर बेअरिंग खराब होतं.

मर्यादा म्हणजे किती? इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांची १०० अंश, एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेकांची ९५. तिथे पोचलं की प्रोसेसर स्वतःच क्लॉक उतरवतो; तुमचं मशीन मंदावतं ते यामुळेच असणार. मात्र रायझन ७००० मधले वरचे प्रोसेसर पूर्ण भारावर ९५ गाठतात ते रचनेनुसारच, आणि गाठतातही झटकन. तिथे नुसत्या तापमानावरून निकाल देऊ नका. क्लॉक प्रोसेसरच्या मूळ वेगाच्याही खाली गेला, तरच कूलरवर संशय घ्या.

प्रश्न : कूलर काढून साफ केला, नवी पेस्ट लावली आणि तापमान आधीपेक्षा वाढलं! असं का?

उत्तर : जवळजवळ नेहमीच बसवण्यातली चूक. इंटेलच्या डब्यातल्या कूलरला चार प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात, त्यांतली एखादी अर्धवट बसते. मशीन बंद करून, वायर काढून कूलर हलकेच हलवा. तो मदरबोर्डवर डुगडुगला, तर खुंटी सुटली आहे. चारही खुंट्यांची टोकं मदरबोर्डच्या मागे सारखीच बाहेर आलेली दिसली पाहिजेत. दाबताना कोपऱ्यासमोरचा कोपरा असा क्रम ठेवा. स्क्रूचा कूलर असेल, तर प्रत्येक स्क्रूला थोडे थोडे आटे द्या. एकच बाजू आधी आवळली की तळ तिरका बसतो.

कूलर नवा असेल, तर तळावरची पारदर्शक फिल्म काढायची राहिली नाही ना, हेही बघा. हसू नका, हे बऱ्याच जणांचं होतं.

एकदा उचललेला कूलर त्याच पेस्टवर परत ठेवू नका, मध्ये हवा अडकते. दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि मधोमध वाटाण्याएवढी पेस्ट ठेवा. एएमडीच्या एएम४ सॉकेटवरून (मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) कूलर काढायचा असेल, तर आधी मशीन थोडा वेळ चालवून पेस्ट मऊ होऊ द्या, मग बंद करून कूलर डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. सरळ वर ओढलात, तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात.

प्रश्न : मशीन सुरू करताना 'सीपीयू फॅन एरर' येतं, पण पंखा तर फिरताना दिसतो.

उत्तर : चार वायरींपैकी एक पंख्याचा वेग मदरबोर्डला कळवते. प्लग 'सीपीयू फॅन'ऐवजी कॅबिनेटच्या पंख्याच्या जागी लागला असेल, तर बोर्डाला पंखा दिसतच नाही. प्लग बरोबर असेल आणि पंखा मुळातच संथ असेल, तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये) इशाऱ्याची किमान मर्यादा खाली आणा. इशारा बंद करून टाकणं मात्र टाळा.

प्रश्न : लिक्विड कूलरचा पंप चालतोय हे कसं समजायचं?

उत्तर : बायोसमध्ये पंपाचे फेरे शून्य नाहीत ना, ते आधी पाहा. मग अर्धा तास भार देऊन दोन्ही नळ्यांना हात लावा. पाणी वाहत असेल तर दोन्हींच्या उबेत फारसा फरक जाणवत नाही. प्रोसेसरवरचा ब्लॉक चटका देतोय आणि पाणी थंड करणारा रेडिएटर गार आहे, म्हणजे पाणी वाहत नाही.