टँडमवर मागे बसणाऱ्याला

बाळा, टँडमवर, म्हणजे दोघांनी मिळून चालवायच्या सायकलवर, मागे बसतोस म्हणजे तू ओझं नाहीस, हे आधी मनात पक्कं कर. पॅरा सायकलिंगच्या बी गटात पुढे डोळस पायलट, मागे आपल्यासारखा दृष्टिहीन. पदक दोघांनाही मिळतं.

ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नाही, फ्रीव्हील नाही. चाक फिरतंय तोवर पेडल फिरणारच. पहिल्या दिवशी मी सवयीने पाय थांबवला आणि गुडघ्याला असा झटका बसला, की आठवडाभर जिना चढवेना.

गोव्यात वेलोड्रोम, म्हणजे सायकल शर्यतीचा ट्रॅक, नाही. म्हणून पहाटे मिरामार-दोनापावला रस्त्यावर, ब्रेकवाल्याच टँडमवर, पायलटचा श्वास ऐकत लय बसव. दिल्लीच्या २५० मीटरच्या लाकडी ट्रॅकवर वळणात त्याच्यासोबतच कल, आधी अजिबात नको.