घडीचा फोन घेताना काय पाहावं?

प्रश्न: नवी पेठेत एका दुकानात मोटोरोलाचा जुना रेझर व्ही३ पाहिला. चांदीच्या रंगाचा, अगदी नव्यासारखा. दुकानदार साडेतीन हजार सांगतोय. रोज बोलण्यापुरता वापरायचा आहे. घ्यावा का, आणि घ्यायचाच झाला तर काय तपासावं? – एक वाचक, सोलापूर

उत्तर: पाकिटातले पैसे काढण्याआधी तुमच्या फोनमधलं सिम काढा आणि त्या फोनमध्ये घालून पाहा. सिम जिओचं असेल तर विषय तिथेच संपला. जिओचं जाळं ४जी-५जीचं आहे, २जी त्यांच्याकडे नाही, आणि हा फोन २जीवरच चालतो. एअरटेल, व्होडाफोन आयडिया किंवा बीएसएनएलच्या सिमवर तो लागतो. आपल्याकडचं २जी ९०० आणि १८०० मेगाहर्ट्‌झवर चालतं, आणि व्ही३ मध्ये हे दोन्ही पट्टे आहेत. तरी दुकानातल्या दांड्या पाहून खूश होऊ नका. ज्या खोलीत बसून तुम्ही बोलता तिथे त्याच कंपनीचं २जी पोहोचतं का, हे आधी पाहा. साध्या अँड्रॉइड फोनच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ‘फक्त २जी’ निवडून घरातून एक फोन लावला की कळतं.

सिम घातल्यावर पडद्यावर ‘सबसिडी पासवर्ड’ मागितला, तर तो फोन परदेशातल्या एखाद्या कंपनीच्या जाळ्याला बांधलेला आहे. दुकानदार ‘उघडून देतो’ म्हणाला तर आधी उघडून दे, मग पैसे, एवढंच बोला. सिमची खाचच नसेल तर तो अमेरिकी सीडीएमए प्रकार आहे. इथे त्याचा काही उपयोग नाही.

पुढची पायरी आयएमईआयची, म्हणजे फोनच्या ओळख क्रमांकाची. *#०६# दाबलं की १५ अंक येतात. बॅटरीखालच्या स्टिकरवर तेच अंक हवेत. मग तुमच्या नेहमीच्या फोनवरून १४४२२ ला एसएमएस करा: इंग्रजीत केवायएम ही तीन अक्षरं, एक जागा सोडून ते १५ अंक. फोन चोरीचा म्हणून नोंदलेला असेल किंवा नंबर बनावट असेल तर उत्तरात कळतं.

आता दिसण्याचं. २००४ मध्ये हा फोन आला तेव्हा बंद अवस्थेत १३.९ मिलिमीटर जाडी ही बातमी होती. वजन ९५ ग्रॅम. ही जाडी गाठायला मोटोरोलाने अँटेना वरून काढून खाली, तोंडाजवळच्या हनुवटीत नेली. म्हणून कीपॅडच्या खाली तो उंचवटा आहे, आणि झाकण बंद झालं की त्याची कड बरोबर त्या उंचवट्याला येऊन टेकते. दिसायला देखणं आणि कामालाही आलेलं, असं डिझाइन फोनमध्ये क्वचितच सापडतं. त्याची किंमतही आहे: बोलताना तळहाताने हनुवटी झाकली की रेंज पडते. फोन मधोमध धरायची सवय लावून घ्यावी लागते.

कीपॅड निकेलचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या मिश्रधातूचा, एकाच पत्र्यातून रसायनाने कोरलेला आहे. आकडे छापलेले नसतात, कोरलेल्या फटींतून निळसर उजेड येतो. हीच अस्सल-नकलीची सर्वांत सोपी खूण. दुकानातला दिवा बंद करायला सांगा. आकडे खालून उजळले तर ठीक. आकडे काळेच राहून नुसत्या कडा उजळल्या, किंवा नखाने आकडा खरवडला गेला, तर बॉडी बदललेली आहे. हा उजेड एलईडीचा नसून चमकणाऱ्या पातळ पत्रीचा असतो आणि वर्षांनुवर्षांच्या वापराने मंदावतो. फार मंद असेल तर फोन खूप वापरलेला आहे, बाहेरची चकाकी काहीही सांगो. आमचं मत विचाराल तर हा कीपॅड पाहायला जितका सुरेख, दाबायला तितका नाही. कळा सपाट आहेत, दाब जेमतेम लागतो. ५ वरचा उंचवटा बोटाला सापडला की मग जरा जमतं.

वैशिष्ट्यांची यादी दुकानदार वाचून दाखवेल. त्यातली कामाची एकच: बाहेरचा छोटा पडदा. झाकण न उघडता कोणाचा फोन आहे ते दिसतं. आतला पडदा २.२ इंची, १७६ बाय २२० ठिपक्यांचा, भर उन्हात फिका पडणारा. कॅमेरा ०.३ मेगापिक्सेलचा, आठवण म्हणूनसुद्धा फोटो काढावा असा नाही. आतली जागा ५.५ एमबी आणि मेमरी कार्डाची सोयच नाही. गाणी वगैरे विसरा. कार्ड हवंच असेल तर पुढचा व्ही३आय शोधा, त्यात कार्ड बसतं आणि कॅमेराही १.२ मेगापिक्सेलचा आहे.

शेवटी बिजागरी. झाकण सावकाश उघडा, अर्ध्यावर थांबा, पडदा पाहा. पुन्हा पूर्ण उघडा. दोन्ही टोकांना ‘टक्’ असा ठाम आवाज हवा. झाकण डावी-उजवीकडे हलवून पाहा, केसभर ढिलाई चालेल, त्याहून जास्त नको. मग दुसऱ्या फोनवरून त्यावर कॉल करा, झाकण उघडून उचला आणि दोन मिनिटं बोलत राहा, बोलता बोलता झाकणाचा कोन थोडा बदला. आवाज तुटला नाही, पडदा लुकलुकला नाही, तर फोन घेण्यासारखा. या सगळ्यातून पार पडला तरी साडेतीन हजार जास्त वाटतात. बॅटरी जवळजवळ नक्की बदलावी लागेल, तो खर्च घासाघीस करून किमतीतून वजा करून घ्या. ‘सीलबंद, न वापरलेला’ या शब्दांना मान देऊ नका. असे बहुतेक नग नवी बॉडी घातलेले जुनेच असतात. बॅटरी काढून आतल्या सोनेरी टोकांवर ओरखडे आहेत का पाहा.

प्रश्न: माझ्याकडच्या घडीच्या फोनचा पडदा पूर्ण उघडल्यावर पांढरा होतो, थोडा मिटला की दिसतो. दुरुस्तीवाला म्हणतो डिस्प्ले गेला. खरं आहे का? – विजापूर रोड

उत्तर: डिस्प्ले गेलेला नाही. गेला असता तर कोन बदलून परत आला नसता. तुमची फ्लेक्स चिरली आहे. खालचा बोर्ड आणि झाकण यांना जोडणारी ही पातळ, पिवळट-तपकिरी पट्टी बिजागरीच्या नळीतून गुंडाळी होऊन जाते. तिच्यातल्या तांब्याच्या रेषा केसाहून बारीक, आणि दर उघडझापीला त्याच जागी वाकतात. आधी एखादी रेष तडकते आणि ठराविक कोनातच जुळते. मग पडद्यावर पट्टे, मग पांढरा पडदा. कानाजवळचा स्पीकर, बाहेरचा पडदा आणि झाकणातला कॅमेरा यांच्या रेषाही त्याच पट्टीत असतात, त्यामुळे एकेक करून तेही जातात. पडदा पांढरा असताना दुसऱ्या फोनवरून कॉल करून पाहा. रिंग वाजली तर बोर्ड शाबूत आहे.

दुरुस्तीवाल्याला ‘फ्लेक्स बदला’ असंच सांगा आणि तुमच्याच मॉडेलची मागवायला लावा. व्ही३ ची व्ही३आयला बसेल असं गृहीत धरू नका. जुनी पट्टी काढण्याआधी तिची गुंडाळी कोणत्या बाजूने आणि किती वेढ्यांची आहे याचा फोटो काढून ठेवायला हवा. उलटी किंवा जास्त घट्ट बसवली तर नवी पट्टी थोड्याच दिवसांत पुन्हा चिरते, आणि मग ‘माल खराब होता’ असं ऐकावं लागतं. टोकांचे कनेक्टर नखाने किंवा प्लास्टिकच्या पातीने उचलायचे, स्क्रूड्रायव्हरने नाही. स्क्रू ताऱ्याच्या खाचेचे असतात. चपट्या पानाने फिरवले की खाच झिजते आणि पुढच्या वेळी फोन उघडत नाही. बॉडी बंद करण्याआधी निदान वीस-पंचवीस वेळा उघडझाप करून पडदा पाहून घ्या, तुमच्यासमोर.

प्रश्न: व्ही३ ला घरातला मिनी यूएसबी चार्जर लावला तर ‘अनऑथराइज्ड चार्जर’ येतं. शिवाय मागचं झाकण नीट बसत नाही. – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: दुसऱ्या गोष्टीपासून सुरुवात करू, कारण ती गंभीर आहे. झाकण बसत नाही म्हणजे बॅटरी फुगली असण्याची शक्यता मोठी. ती काढून काचेवर किंवा फरशीवर सपाट ठेवा आणि एका कोपऱ्याला बोटाने टिचकी द्या. चांगली बॅटरी घसरते, फुगलेली मध्यावर टेकून गर्रकन फिरते. फिरली तर ती पुन्हा चार्ज करू नका, टाचणी मारून ‘हवा’ तर अजिबात काढू नका, पेट घेते. घंटागाडीतल्या कचऱ्यातही नको, ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे द्या.

नवी घेताना बीआर५० हा क्रमांक पाहा. व्ही३ च्या जागेत ७०० एमएएचच्या आसपासचीच बॅटरी मावते. वेष्टनावर दोन हजार लिहिलं असेल तर तो आकडा खोटा, आणि आतला मालही त्याच लायकीचा. दुकानात मल्टिमीटर असतोच. २० व्होल्ट डीसीवर लावून कडेच्या दोन टोकांवर मोजायला सांगा. ३.६ ते ४.० व्होल्ट म्हणजे ठीक. ३ च्या खाली असेल तर बॅटरी कपाटात पडून पार रिकामी झालेली आहे. अडीचच्या खाली गेलेली फुकट मिळाली तरी घेऊ नका.

चार्जरचं कारण वेगळं आहे. मिनी यूएसबीत पाच टोकं असतात. चौथं टोक काय जोडलंय ते ओळखण्यासाठी. साध्या केबलमध्ये ते कुठेच जोडलेलं नसतं. मोटोरोलाच्या चार्जरमध्ये त्या टोकावर रेझिस्टर असतो आणि तो पाहूनच फोन चार्जिंग सुरू करतो. तेव्हा चार्जर बिघडलेला नाही, फोनही नाही. त्या काळच्या मोटोरोला फोनचा चार्जर शोधा. चिमट्याचा युनिव्हर्सल चार्जर अडीअडचणीला चालेल, पण बरेचसे बॅटरी भरल्यावर नीट थांबत नाहीत, रात्रभर लावून झोपू नका. आणि एप्रिल-मे महिन्यात फोन स्कूटरच्या डिकीत ठेवायचा नाही, ठेवला तर थंड झाल्याशिवाय चार्जिंगला लावायचा नाही. ४५ अंशांवर लिथियम बॅटरी चार्ज करणं तिला मानवत नाही, आणि आपल्या उन्हात बंद डिकी त्याच्या पुढे जाते.

प्रश्न: मी यंत्रमाग कारखान्यात काम करतो. आधीच्या घडीच्या फोनमध्ये कापसाचं तूस जाऊन आवाज बसला. हा प्रकार आमच्यासाठी योग्य आहे का? – अक्कलकोट रोड एमआयडीसी

उत्तर: मिटलेला असताना पडदा आणि कीपॅड झाकलेले राहतात, तेवढा फायदा. पण तूस तीन जागी जातं: बिजागरीच्या दोन्ही टोकांना, कानाच्या जाळीत आणि चार्जिंगच्या खाचेत. जाळीत बसलेलं तूस फुंकर मारून आणखी आत जातं. फोन उलटा, जाळी जमिनीकडे करून मऊ कोरड्या टूथब्रशने झाडा. खाचेसाठी लाकडी काडी, फोन बंद आणि बॅटरी काढलेली असताना. बिजागरीत तेल सोडू नका, मागाच्या सवयीने हात तिकडे जातो. तेलात तूस चिकटून लगदा होतो आणि तो फ्लेक्सला घासतो. मागांच्या आवाजात रिंग ऐकू येणार नाही, फोन व्हायब्रेटवर ठेवून शर्टाच्या खिशात असू द्या.

प्रश्न: नॅनो सिम जुन्या फोनमध्ये अडॅप्टर लावून चालेल ना? – एक वाचक, सात रस्ता

उत्तर: चालेल, पण रिकामं अडॅप्टर खाचेत कधीच सरकवू नका, आतल्या स्प्रिंगच्या टोकांना अडकून ती उपटली जातात. सिम अडॅप्टरमध्ये बसवून मागून पातळ चिकटपट्टी लावा, मगच घाला. त्यापेक्षा कंपनीच्या दुकानातून मोठ्या आकाराचं सिम बदलून घेतलेलं बरं. बदलल्यावर २४ तास एसएमएस बंद राहतात, म्हणजे बँकेचा ओटीपीही येत नाही. महिन्याच्या बिलांच्या दिवशी हा उद्योग नको.

प्रश्न: जुना व्ही३ मिळाला, पण कुलूप लावलेला आहे. शिवाय झाकण उघडलं तरी कॉल उचलला जात नाही. – होटगी रोड

उत्तर: आधी १२३४ टाकून पाहा. सिक्युरिटी कोड मागितला तर सहा शून्यं. आधीच्या मालकाने बदलले नसतील तर हेच चालतात. फोन उघडला की सेटिंगमधल्या ‘इनिशियल सेटअप’मध्ये ‘मास्टर क्लिअर’ करा, जुने नंबर आणि निरोप पुसले जातील. ‘मास्टर रिसेट’ने फक्त सेटिंग मूळपदावर येतात, नंबर तसेच राहतात. कॉलचं म्हणाल तर ‘इन-कॉल सेटअप’मध्ये ‘आन्सर ऑप्शन्स’खाली ‘ओपन टू आन्सर’ चालू आहे का पाहा. बहुतेक वेळा तेवढंच असतं.

प्रश्न: मराठीत आलेले एसएमएस चौकोनासारखे दिसतात. – एक वाचक, सोलापूर

उत्तर: फोनमध्ये देवनागरीचा फाँट नाही, आणि तो नंतर घालायची सोपी वाट नाही. निरोप इंग्रजी अक्षरांत मागवा.

प्रश्न: आईला घडीचाच फोन हवा आहे, पण घरात सगळ्यांचं जिओ. – एक वाचक, अशोक चौक

उत्तर: मग जुन्याच्या मागे लागू नका. नोकियाचा २६६० फ्लिप २०२२ मध्ये आला, तो ४जी आहे आणि व्हीओएलटीईवर, म्हणजे थेट ४जी जाळ्यावरून, बोलता येतं. आत २.८ इंची पडदा, बाहेर १.७७ इंची, कळा मोठ्या, बाजूला तातडीच्या कॉलचं बटण, आणि १४५० एमएएचची बॅटरी काढता येते. व्ही३ च्या तुलनेत तो जाड आणि प्लास्टिकचा दिसतो, दिसतोच. आईंना दुकानात नेऊन झाकण त्यांच्या हाताने उघडायला लावा. अंगठा सहज शिरतो का, आणि मिटताना बोट चिमटत नाही ना, हे त्यांनीच पाहायला हवं. तातडीच्या बटणावर कोणाकोणाचे नंबर टाकायचे तेही तिथेच भरून घ्या.