जपानी टीमने माना डोलावल्या, पुढे काय?

प्रश्न : मी एमबीएच्या पहिल्या वर्षाला आहे. इंटर्नशिपमध्ये आम्ही एक प्लॅन जपानी टीमसमोर मांडला. सगळ्यांनी माना डोलावल्या, पण महिनाभर काहीच हललं नाही. अमेरिकन मॅनेजरने तोच प्लॅन अर्ध्या तासात मंजूर केला. मला स्ट्रॅटेजीत करिअर करायचंय. देशोदेशीच्या मॅनेजरांचे स्वभाव शिकवणारा कोर्स करू का?

उत्तर : कोर्स तूर्त राहू दे. त्या माना बहुधा ‘ऐकलं बरं का’ एवढंच सांगत होत्या. जपानी कंपन्यांत बैठकीआधीच एकेकाला गाठून शंका फेडायची रीत आहे. तिला ‘नेमावाशी’ म्हणतात. मूळ शब्द बागकामातला : झाड हलवण्याआधी मुळांभोवतीची माती मोकळी करणं. तुम्ही थेट बैठकीत उगवलात!

पण यावरून ‘जपानी सावकाश, अमेरिकन धडाकेबाज’ असं वहीत लिहून ठेवू नकोस. अमेरिकेत शेअर बाजारातल्या कंपन्यांना दर तिमाहीला हिशेब मांडावा लागत आलाय. त्या घाईमागे ते घड्याळही आहे. जर्मनीत 1976च्या कायद्याने दोन हजारांहून जास्त कामगार असलेल्या कंपन्यांच्या पर्यवेक्षक मंडळावर (म्हणजे व्यवस्थापनावर देखरेख करणाऱ्या मंडळावर) निम्म्या जागा कामगारांच्या प्रतिनिधींना मिळाल्या. तिथला मॅनेजर कारखाना बंद करण्याआधी दहा वेळा चर्चा करतो, तो काय नुसता स्वभाव? देशोदेशीच्या कार्यसंस्कृतीला आकड्यांत गुण देणारे डच संशोधक हॉफस्टेड यांची प्रसिद्ध कोष्टकंही मुळात आयबीएम या एकाच कंपनीतल्या पाहण्यांवर उभी आहेत, आणि त्यात देशाची सरासरी आहे. तुझ्यासमोर बसलेला माणूस नाही.

होंडाचं उदाहरण मला फार आवडतं. 1959मध्ये ते अमेरिकेत मोठ्या मोटरसायकली विकायला गेले. त्या बिघडू लागल्या, आणि कर्मचारी स्वतःच्या कामांसाठी फिरवत होते त्या 50 सीसीच्या छोट्या गाडीलाच मागणी आली. पुढे पाश्चात्त्य सल्लागारांनी या यशात खर्च आणि उत्पादनाचं आखीव गणित शोधलं. तिथे प्रत्यक्ष राबलेल्या जपानी अधिकाऱ्यांनी मात्र चुकतमाकत शिकल्याचं सांगितलं. (मला दुसरी गोष्ट जास्त पटते, पण गणितही अगदीच खोटं नव्हतं.)

तेव्हा एकाच उद्योगातल्या, वेगवेगळ्या देशांतल्या दोन कंपन्यांचे पाच वर्षांचे वार्षिक अहवाल शेजारी ठेवून वाच. मालकी कुणाची, पैसा कुठून येतो, निर्णयावर सही कुणाची, हे टिपून ठेव. पहिली नोकरी शक्यतो ऑपरेशन्समध्ये घे. स्ट्रॅटेजी विभागाची घाई नको. एखादी परदेशी भाषा जरूर शीक. आणि इंटर्नशिप अजून चालू असेल, तर त्या टीममधल्या सर्वात कनिष्ठ माणसाला विचार, ‘आधी कुणाला भेटायला हवं होतं?’